ज्ञानेश्वरीतलं वज्रासन आणि सकाळच्या वर्गातलं वज्रासन एकच का?

घाटवळण
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय चालू आहे आणि अभ्यासयोगाच्या ओव्यांपाशी गाडी अडली आहे. ज्ञानदेव आसन कसं घालायचं ते अगदी अंगुळं मोजून सांगतात. त्यातली ही ओवी पाहा:

सव्य तो तळीं ठेविजे । तेणें सिवणीमध्यें पीडिजे ।
वरी बैसे तो सहजें । वाम चरणु ॥

आणि पुढे थोड्याच ओव्यांनी त्याचं नावही सांगतात:

अर्जुना हें जाण । मूळबंधाचें लक्षण ।
वज्रासन गौण । नाम यासी ॥

आता आमच्या गटातले निम्मे लोक सकाळी योगवर्गाला जाणारे. तिथे वज्रासन म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसणं, जेवणानंतर करतात ते. ओवीत तर एक पाय खाली, दुसरा वर, टाच शिवणीवर (गुद आणि जननेंद्रिय यांच्या मधल्या जागी) दाबलेली. हे मांडी घालून बसण्याच्या जातीचं काहीतरी वाटतं. शिवाय आसनालाच मूळबंध म्हटलं आहे. आमच्या शिक्षिका म्हणतात मूळबंध ही आकुंचनाची क्रिया आहे, आसन नव्हे. मग चूक कोणाची? माउलींची म्हणायची तर कोणाची हिंमत नाही, आणि शिक्षिकाबाईंची म्हणायची तर त्याहून नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खमंग_काकडी
जेवणानंतर करायचं म्हणजे वामकुक्षी. तेच खरं आसन. बाकी चालू द्या.

अर्धमात्रा
चांगला प्रश्न आहे. चूक कोणाचीच नाही. थोडं सविस्तर लिहितो.

पतंजलींच्या योगसूत्रांत एकाही आसनाचं नाव नाही. 'स्थिरसुखमासनम्' (२.४६) एवढं लक्षण, प्रयत्न सैल सोडा आणि अनंताशी एकरूप व्हा हा उपाय, त्याने थंडी-उष्ण वगैरे द्वंद्वं बाधत नाहीत हे फळ. तीन सूत्रांत आसन संपलं. नावं येतात व्यासभाष्यात, म्हणजे या सूत्रांवरच्या टीकेत: पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक, दंडासन, सोपाश्रय, पर्यंक, शिवाय क्रौंच, हत्ती आणि उंट यांच्यासारखं बसणं, वगैरे. या यादीत वज्रासन नाही.

वज्रासन हे नाव हठयोगाच्या वाङ्मयात रुळलेलं आहे. स्वात्मारामाची हठप्रदीपिका (लोक हठयोगप्रदीपिका म्हणतात) पंधराव्या शतकातली. तिच्या पहिल्या उपदेशात (अध्यायात) सिद्धासनाचं वर्णन आहे, टाच योनिस्थानावर म्हणजे गुद आणि शिस्न यांच्या मधल्या जागी घट्ट लावायची. लगेच पुढे:

एतत्सिद्धासनं प्राहुरन्ये वज्रासनं विदुः ।
मुक्तासनं वदन्त्येके प्राहुर्गुप्तासनं परे ॥

यालाच सिद्धासन म्हणतात, दुसरे कोणी वज्रासन म्हणतात, कोणी मुक्तासन, कोणी गुप्तासन. म्हणजे सिद्धासनाच्या कुळातल्या बैठकीला वज्रासन म्हणणारी माणसं स्वात्मारामाला ठाऊक होती. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ.स. १२९०. हठप्रदीपिकेच्या आधीची. त्या 'दुसऱ्या कोणी'मध्ये निवृत्तिनाथ-ज्ञानदेवांची नाथपरंपरा असावी असं मला वाटतं, पण हा माझा तर्क.

टाचांवर बसायचं वज्रासन येतं घेरंडसंहितेत, या हठयोगाच्याच ग्रंथात, जो हठप्रदीपिकेहूनही बराच नंतरचा: 'जङ्घाभ्यां वज्रवत्कृत्वा गुदपार्श्वे पदावुभौ'. पोटऱ्या वज्रासारख्या करून दोन्ही पावलं गुदाच्या बाजूंना ठेवायची. तुमच्या वर्गातलं आसन या घराण्यातलं.

घाटवळण
@अर्धमात्रा, अनेक आभार. 'दुसरे कोणी' वाचून फारच मजा आली. म्हणजे वाद तेव्हाही होतेच. ही ओवी आणि श्लोक शेजारी शेजारी लिहून शनिवारी गटात वाचून दाखवतो.

रानजाई
एक शंका. घेरंडाच्या श्लोकात पावलं गुदाच्या *बाजूंना* आहेत. म्हणजे टाचांवर बसायचंच नाही, दोन पावलांच्या मध्ये जमिनीवर बसायचं. आम्ही पुण्यात अय्यंगार पद्धतीचा वर्ग करतो, तिथे या बैठकीला वीरासन म्हणतात. गुडघे ताणत असतील तर खाली वीट किंवा घडी केलेली चादर घेतात. मग घेरंडाचं वज्रासन म्हणजे आमचं वीरासन का?

अर्धमात्रा
@रानजाई, शब्दशः लावला तर हो, तुमच्या वीरासनाच्याच जवळ जातं. आणि गोंधळ इथे थांबत नाही. हठप्रदीपिकेतलं वीरासन वेगळंच आहे. एक पाय दुसऱ्या मांडीवर, दुसरा पाय पहिल्या मांडीखाली, म्हणजे आपण ज्याला अर्धपद्मासन म्हणू तसं. भद्रासनाचंही तेच. आज योगदिनाच्या कार्यक्रमात भद्रासन म्हणून तळवे जोडून, गुडघे बाजूला पाडून बसवतात. हठप्रदीपिकेत घोटे वृषणाखाली शिवणीच्या दोन्ही बाजूंना घ्यायचे असतात, आणि वर म्हटलंय की सिद्धयोगी यालाच गोरक्षासन म्हणतात.

त्यामुळे आसनाचं नुसतं नाव सांगून काही कळत नाही, कोणत्या ग्रंथातलं किंवा कोणाच्या वर्गातलं ते विचारावं लागतं. गाण्यात नाही का, एकच राग दोन घराण्यांत वेगळा उभा राहतो.

चिवट_बाभूळ
हे सगळं ठीक आहे, पण मला यात एक पळवाट दिसते. 'परंपरा वेगवेगळ्या आहेत' असं म्हटलं की कोणीही काहीही शिकवायला मोकळा. आज गल्लोगल्ली महिनाभराचं सर्टिफिकेट घेऊन शिक्षक झालेत. त्यांना विचारा प्राणायाम म्हणजे काय, उत्तर येतं कपालभाती. हठप्रदीपिकेत कपालभाती प्राणायामात नाहीच! धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली, कपालभाती अशी ती षट्कर्मांत आहे, म्हणजे शुद्धिक्रिया. कुंभकांचे, म्हणजे श्वास रोखण्याच्या प्राणायामांचे, आठ प्रकार वेगळे दिलेत: सूर्यभेदन, उज्जायी, सीत्कारी, शीतली, भस्त्रिका, भ्रामरी, मूर्च्छा, प्लाविनी. इथे तरी चूक ती चूक म्हणायची की नाही?

अर्धमात्रा
@चिवट_बाभूळ, वर्गीकरणाबद्दल पूर्ण सहमत. 'कपालभाती प्राणायाम' हे हठप्रदीपिकेच्या हिशोबाने चूकच. लोहाराच्या भात्यासारखे भराभर रेचक-पूरक (श्वास सोडणं-घेणं), आणि फळ सांगितलंय कफदोष सुकवणं. मेद किंवा कफ जास्त असेल त्यानेच आधी षट्कर्मं करावीत, इतरांनी करू नयेत, असंही तिथे स्पष्ट आहे. आज सरसकट सगळ्यांना करायला लावतात.

पण 'चूक' म्हणताना जरा जपून. घेरंडसंहिता उघडा. तिथे भालभाती, म्हणजे कपालभातीच, तीन प्रकारची आहे, वातक्रम, व्युत्क्रम आणि शीत्क्रम. वातक्रमात डावीने श्वास घ्यायचा, उजवीने सोडायचा, मग उलट, आणि तेही जोर न लावता. आपण ज्याला अनुलोम-विलोम म्हणतो तेच जवळजवळ! व्युत्क्रमात नाकाने पाणी ओढून तोंडाने सोडायचं, शीत्क्रमात तोंडाने घेऊन नाकाने. टीव्हीवर पोट आपटून दाखवतात ती कपालभाती घेरंडात सापडतच नाही. आता घेरंडाला महिनाभराचं सर्टिफिकेटवाला म्हणणार का?

चिवट_बाभूळ
घेरंडाचं माहीत नव्हतं. पण सोसायटीच्या बागेत शिकवणाऱ्याने घेरंड वाचून तसं केलेलं नसतं, हे तुम्हीही जाणता.

अर्धमात्रा
जाणतो. :)

हडसन_किनारी
अनुलोम-विलोमचा विषय निघालाच आहे तर. मी न्यू जर्सीत आहे. इथल्या स्टुडिओत 'विलोम' म्हणून शिकवलं ते असं: श्वास थोडा घ्या, थांबा, थोडा घ्या, थांबा, जिना चढल्यासारखं. नाकपुडी बदलायचा संबंधच नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, तुम्हा अमेरिकेतल्यांना काहीही शिकवतात, विलोम म्हणजे एका नाकपुडीने घेऊन दुसरीने सोडायचं. आता आईशी वाद कोण घालणार?

रानजाई
@हडसन_किनारी, तुमच्या शिक्षिका अय्यंगार पद्धतीच्या असणार. आमच्याकडेही विलोम तसंच, तुटक श्वासाचं. अनुलोम म्हणजे दोन्ही नाकपुड्यांनी आत घेऊन आलटून पालटून एकीने सोडणं, प्रतिलोम त्याच्या उलट. आईंचं अनुलोम-विलोम म्हणजे नाडीशोधन. दोघीही आपापल्या जागी बरोबर, पण आईंना हे असं सांगू नका, 'तुझंच बरोबर' म्हणा.

खमंग_काकडी
अवांतर: आता कोणीतरी येऊन 'योगा नाही, योग म्हणा' असं लिहील, मग शंभर प्रतिसाद. मीच लिहून टाकतो म्हणजे विषय संपेल. योगा नाही, योग म्हणा.

सुईदोरा
फिजिओथेरपिस्ट म्हणून दोन शब्द. नाव कोणतंही असो, टाचांवर बसण्यात गुडघा जवळजवळ पूर्ण दुमडतो. झीज झालेल्यांनी पोटरी आणि मांडीच्या मध्ये जाड घडी घ्यावी. गुडघा बदललेला असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय हे आसन नको. आणि 'जितका जास्त वेळ तितका जास्त फायदा' हे डोक्यातून काढा. खूप वेळ असं बसल्यावर गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने जाणारी शीर (मज्जातंतू) दबते, पाऊल बधिर होतं, क्वचित उचलताही येत नाही. मुंग्या आल्या की उठायचं. ओवीतल्या बैठकीत गुडघ्यावर भार कमी, पण ती खुब्याच्या मोकळेपणावर अवलंबून आहे. खुर्चीत आयुष्य काढलेल्यांनी थेट टाच शिवणीवर दाबायला जाऊ नये.

माळावरचा_देव
आमचे आजोबा वारकरी होते. सहावा अध्याय वाचायचे, पण आसन घालून बघू का म्हटलं तर म्हणायचे, ती वाट आपली नव्हे, आपण नाम घ्यावं. ज्ञानदेव या वाटेला 'पंथराज' म्हणतात आणि कुंडलिनीचं वर्णन करताना 'नागाचें पिलें । कुंकुमें नाहलें' असं लिहून जातात की अंगावर काटा येतो. पण पुढे संप्रदायात जोर नामावर आला. त्यामुळे घरोघरी ज्ञानेश्वरी असूनही या ओव्यांचा अर्थ करून बघणारे थोडे. या धाग्याचं मला म्हणूनच अप्रूप वाटतंय.

पण मूळ प्रश्नातला दुसरा भाग राहिला की. मूळबंध हे आसन का क्रिया?

अर्धमात्रा
बरोबर, ते राहिलं. आणि त्याआधी 'सव्य'ची गंमत सांगायची आहे.

संस्कृतात सव्य म्हणजे मुख्यतः डावा. अर्जुन सव्यसाची, कारण तो डाव्या हातानेही बाण सोडी. त्याच संस्कृत सवयीने ओवी वाचली तर डावा पाय खाली आणि वर पुन्हा 'वाम', म्हणजे डावाच! अर्थ लागत नाही. म्हणून इथे सव्य म्हणजे उजवा हेच धरावं लागतं. उजवी टाच शिवणीवर, डावा पाय तिच्यावर.

आता हठप्रदीपिकेवरची ब्रह्मानंदांची ज्योत्स्ना टीका पाहा, एकोणिसाव्या शतकातली. स्वात्मारामाने चार नावं एकाच आसनाची म्हणून दिली, ब्रह्मानंद त्यांच्यात फरक करतात. डावी टाच योनिस्थानावर आणि उजवी वर, ते सिद्धासन. उजवी टाच योनिस्थानावर आणि डावी वर, ते वज्रासन. दोन्ही टाचा एकावर एक खाली, ते मुक्तासन. दोन्ही वर, ते गुप्तासन.

म्हणजे ज्ञानदेवांची बैठक ज्योत्स्नेतल्या वज्रासनाशी पायापायाने जुळते. मधे साडेपाचशे वर्षांचं अंतर आहे. ब्रह्मानंदांनी ज्ञानेश्वरी पाहून लिहिलं असं मी म्हणत नाही. पण उजवी टाच खाली असलेल्या बैठकीला वज्रासन म्हणायची रीत या दोन्ही ठिकाणी दिसते.

मूळबंधाबद्दल. हठप्रदीपिकेची व्याख्या अशी: 'पार्ष्णिभागेन सम्पीड्य योनिमाकुञ्चयेद्गुदम्'. टाचेने योनिस्थान दाबून गुद आकुंचित करायचं आणि अपान, म्हणजे खाली जाणारा वायू, वर ओढायचा. टाचेचा दाब आणि आकुंचन दोन्ही आले. आजच्या वर्गांत टाच गळली, आकुंचन उरलं, ते कोणत्याही बैठकीत करतात. ज्ञानदेवांच्या वर्णनात उलट टाच आणि बैठक पुढे आहे. म्हणून ते म्हणतात, हा खरा मूळबंध, वज्रासन हे त्याचं गौण नाव. घाटवळण यांच्या शिक्षिकाबाई अर्ध्या बरोबर, असं मोघम लिहून मी सुटतो.

घाटवळण
'उजवी टाच, डावा पाय' हे जुळणं जबरदस्त आहे! वाचनखूण साठवली. आमच्या गटातल्या एका काकांनी 'सव्य म्हणजे डावा, जानव्याचं विसरलात का' म्हणून वाद घातला होता, त्यांना हा प्रतिसाद पाठवतो. (शिक्षिकाबाईंना पाठवणार नाही.)

अजून एक. याच भागात पुढे 'वोढियाणा' बंध येतो. तो म्हणजे आपला उड्डियानच ना? आम्हाला शिकवतात की श्वास पूर्ण सोडा आणि पोट आत-वर खेचा. ओवीत मात्र खेचायचं काही दिसत नाही.

चिवट_बाभूळ
याचं मी लिहितो, थोडं वाचलंय.

वोढियाणा म्हणजे उड्डियानच. ओव्या अशा:

नाभीवरी पोखे । उदर हें थोके ।
अंतरीं फांके । हृदयकोशु ॥

स्वाधिष्ठानावरिचिले कांठीं । नाभिस्थानातळवटीं ।
बंधु पडे किरीटी । वोढियाणा तो ॥

दोन गोष्टी लक्षात येतात. एक, जागा. इथे बंध पडतो तो बेंबीच्या खाली, स्वाधिष्ठान चक्राच्या वरच्या काठाला. हठप्रदीपिका बेंबीच्या वरचा भागही पाठीकडे ताणायला सांगते. दुसरी, जी मला जास्त महत्त्वाची वाटते: 'बंधु पडे'. पाडायचा नाही, पडतो. याच प्रकरणात हात डाव्या पायावर 'आपैसें' बसतात, वरचा पाय 'सहजें' बसतो. ज्ञानदेव एक बैठक पक्की करून देतात आणि बाकीचं तिच्यातून घडत जाताना दाखवतात. हठप्रदीपिकेत मात्र 'करावं' असा विधी आहे.

उड्डियान नावाची फोड हठप्रदीपिका 'उडणे'वरून लावते, प्राण सुषुम्नेत (मधल्या नाडीत) उडतो म्हणून. जालंधर या गळ्याच्या बंधाची फोड शिरांच्या जाळ्यावरून. पण तंत्रातल्या चार पीठांत (पवित्र स्थानांत) ओड्डियान आणि जालंधर ही दोन नावं आहेत, सोबत पूर्णगिरी आणि कामरूप. ज्ञानदेवांचं 'वोढियाणा' हे रूप तर त्या ओड्डियानाच्या फारच जवळचं. फोडी नंतर जुळवलेल्या असाव्यात अशी मला दाट शंका आहे.

रानजाई
@चिवट_बाभूळ, तुम्ही इतकं वाचलंय तर वर उगाच भांडत होतात होय!

चिवट_बाभूळ
भांडल्याशिवाय अर्धमात्रा लिहीत नाहीत. अनुभव आहे.

सुईदोरा
उड्डियानाच्या शारीरिक बाजूबद्दल: स्वामी कुवलयानंदांनी (मूळचे जगन्नाथ गणेश गुणे) १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम आणि 'योगमीमांसा' नियतकालिक सुरू केलं, त्यात उड्डियान आणि नौलीवरचे क्ष-किरणांचे आणि दाब मोजण्याचे प्रयोग छापलेत. नौली (पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया) करताना मोठ्या आतड्यात दाब वातावरणापेक्षा खाली जातो, त्यामुळेच बस्तीत, म्हणजे आतडं धुण्याच्या क्रियेत, पाणी वर ओढलं जातं, असं त्यांनी मोजून दाखवलं. त्या पोकळीला आपल्या गुरूंच्या नावाने 'माधवदास व्हॅक्यूम' म्हटलं.

यातलं तत्त्व सोपं आहे. श्वास बाहेर सोडून, घसा बंद ठेवून बरगड्या फुगवल्या की छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा वर जातो आणि पोट आपोआप आत खेचलं जातं. पोटाचे स्नायू आवळले तर उड्डियान बिघडतं. मी रुग्णांना नेहमी सांगते, पोट ओढू नका, छाती उघडा. म्हणजे 'अंतरीं फांके हृदयकोशु' आणि 'बंधु पडे' हे शरीराच्या अंगानेही चुकीचं नाही. उच्च रक्तदाब, हर्निया, पोटाची शस्त्रक्रिया, गरोदरपण, पाळी, यांत मात्र हे करू नये. आणि नेहमी रिकाम्या पोटी.

खमंग_काकडी
म्हणजे वज्रासन जेवणानंतर, उड्डियान जेवणाआधी. आणि ज्ञानेश्वरीतलं वज्रासन, ज्यात उड्डियानही आपोआप पडतो, ते कधी करायचं? ह. घ्या. (हलके घ्या), पण प्रश्न खरा आहे.

अर्धमात्रा
ह. घेतलं. उत्तरही खरं आहे: रिकाम्या पोटी. जेवणानंतरची सूट टाचांवरच्या बैठकीला आहे, ओवीतल्या नाही. @घाटवळण, शनिवारी गटात कोणी पोहे खाऊन ओवी करून बघायला बसलं तर आधी हा प्रतिसाद वाचून दाखवा.